गायरान नेमकं कुणाचं?

2022 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणानंतर राज्यभर गायरानावरच्या घरांना नोटिसा निघाल्या. मनमाडजवळच्या एका गावातही आल्या. मी सवयीने मथळा दिला : 'अतिक्रमणधारकांना नोटिसा'. दुसऱ्या दिवशी त्या गावचे एक बाबा पेपर घेऊन टपरीवर हजर. "भाऊ, आम्ही अतिक्रमणधारक नाही. गायरानधारक आहोत."

मला फरक माहीत नव्हता. डिप्लोमात हे कुणी शिकवलं नव्हतं.

गाय आणि रान. सोपा शब्द. पण 'रान' म्हणजे कोकणात जंगल आणि आपल्याकडे 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. घोळ तिथूनच सुरू. गुराख्यासाठी गायरान म्हणजे चराई. सातबाऱ्यावर मालक सरकार. इंग्रजांच्या 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने गावाला चराईसाठी जमीन राखून दिली, पण मालकी ठेवली सरकारकडे. 1966 च्या महसूल संहितेत कलम 22 आलं, पद्धत तीच. म्हणजे गाव ज्याला 'आपलं' म्हणतं, ते कागदावर गावाचं कधी नव्हतंच.

आणि गावात 'आपलं' म्हणजे तरी कुणाचं? ज्याच्याकडे गुरं, त्याचं. ज्याच्याकडे ना शेत ना गाय, त्याला गायरानाचा काय उपयोग? गावात जमीन नाही म्हणून तर माणसं आपल्या मनमाडला रेल्वेत मजुरीला आली. 1938 च्या फेब्रुवारीत याच मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. जे गावातच राहिले त्यांच्यासाठी 1959 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्याचे नेते दादासाहेब गायकवाड, आपल्याच नाशिक जिल्ह्यातले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी. तिथून 'गायरान' या शब्दाला आणखी एक अर्थ आला : हक्काचा तुकडा. पुढे 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरणही सरकारनेच आणलं. किती जणांच्या नावावर सातबारा झाला, ते तुमच्या गावात विचारून बघा.

2011 च्या जगपाल सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितल्या. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही आहे. आम्ही बातमीदारांनी पहिलं वाक्य छापलं, दुसरं गाळलं. आता सौर कृषी वाहिनीसाठी गायरान दिलं जातं, तेव्हा मात्र त्याला अतिक्रमण म्हणत नाहीत. वीज शेतकऱ्यालाच मिळणार, हे खरं. पण गुरं कुठे चरणार, हा प्रश्नही खराच आहे.

बाबांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पावत्या काढल्या. अतिक्रमणाच्या दंडाच्या. तलाठ्याच्या एक-ई नोंदवहीतही त्यांच्या बापाचं नाव. "दंड भरला म्हणून पुरावा आहे. गपचूप कसलं असतं तर काहीच नसतं."

पुढची बातमी मी 'गायरानधारक' लिहून पाठवली. छापून आली तेव्हा डेस्कवर कुणीतरी ते पुन्हा 'अतिक्रमणधारक' केलं होतं.