गट नंबरापासून सुरुवात : एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या अभ्यासाला प्रस्तावना

या विषयावरची बहुतेक पुस्तके बँक, विमान कंपनी नाहीतर मोटारींचा कारखाना घेऊन सुरू होतात. आपण भडगावपासून सुरुवात करू. खानदेशातल्या गिरणाकाठच्या या तालुक्यात शेत विकत घेतले की काम तीन टेबलांवरून जाते. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवले जाते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतात. मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि मग घेणाऱ्याचे नाव सातबाऱ्याला लागते. पहिले टेबल १९०८ च्या नोंदणी कायद्याने चालते, पुढची दोन १९६६ च्या जमीन महसूल संहितेने. नोंदणीचा इंडेक्स टू उतारा हातात आहे, पैसे देऊन झालेत, पण सातबाऱ्यावर नाव अजून जुनेच, ही तक्रार खानदेशात कुणालाच नवी नाही. ती निपजते दोन कार्यालयांच्या मधल्या जागेत. एंटरप्राइझ आर्किटेक्चर हा त्या मधल्या जागेचा अभ्यास आहे.

विषयाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी १९८७ साली आपली चौकट मांडली. काय, कसे, कुठे, कोण, केव्हा आणि का हे सहा प्रश्न संस्थेतल्या प्रत्येक पातळीवर विचारायचे, असे तिचे आजचे रूप आहे. १९९३ मध्ये हेंडरसन आणि वेंकटरमण यांनी व्यवसायाचे धोरण, संगणकाचे धोरण आणि या दोहोंच्या प्रत्यक्ष यंत्रणा अशा चार चौकोनांचे मॉडेल दिले. या चौकोनांचा मेळ एकदा घालून संपत नाही, तो सतत घालावा लागतो, हे त्यांचे म्हणणे मला आजही सगळ्यात मोलाचे वाटते. १९९५ मध्ये टोगॅफ ही चौकट आली, पुढे नेदरलँड्समध्ये आर्किमेट ही चित्रभाषा घडली. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१८ मध्ये सरकारी खात्यांसाठी ‘इंडईए’ ही चौकट आणली.

आर्किमेटच्या चित्रात मुख्य थर तीन : वर काम, मध्ये सॉफ्टवेअर, खाली यंत्रे. नवखा अभ्यासक मधल्या थरापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. महाराष्ट्रातली ई-फेरफार प्रणाली नोंदणी विभागाच्या आय-सरिता प्रणालीशी जोडली गेली, तेव्हा खरेदीची माहिती निबंधकाच्या कार्यालयातून थेट तलाठ्याच्या लॉगिनला येऊ लागली. कागद पोचण्याची वाट पाहणे संपले. तरीही फेरफार प्रमाणित व्हायला काही दिवस लागतातच. संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवावे लागतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त म्हणून नमुना ६-अ मध्ये जाते आणि सुनावणी होते. केवळ वेग मोजणाऱ्या माणसाला हे पंधरा दिवस वाया गेलेले दिसतील. पण ज्या बहिणीला न विचारता भावाने सामाईक जमीन विकली, तिच्या हातात नोंद प्रमाणित होण्याआधी एवढेच दिवस असतात. चांगल्या मॉडेलमध्ये ही मुदत वरच्या थरात, कायद्याने दिलेला हक्क म्हणून काढलेली असते. मग खाली कितीही वेगवान यंत्र आले तरी कुणी तिला हात लावत नाही. पोस्टात रखडलेला कागद आणि हरकतीसाठी राखलेला वेळ यांतला फरक मॉडेलमुळे दिसतो. हे एवढे एकच काम ते करत असते, तरी या विषयाला मी वर्षे दिली असती.

आता कजगाव-भडगाव पट्ट्यातला केळीचा एखादा मळा घ्या. महसूल खात्याला तो गट नंबर आणि क्षेत्र म्हणून माहीत असतो. विकास सोसायटीला तो हेक्टरी ठरलेल्या दराचे पीककर्ज असतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात त्याचे भवितव्य मुख्यतः महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. शेतकऱ्याला तो मृगबाग किंवा कांदेबाग असतो आणि त्याचा हिशेब लागवडीच्या महिन्यापासून चालतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बाराव्या नमुन्यातली पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करू लागला. त्याच्या त्या एका नोंदीवर आता बाकीचे सगळे टेकू पाहतात. म्हणून ‘पीक’ म्हणजे नेमके काय, त्याचा हंगाम कोणता धरायचा, नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरायला हवे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावाशेजारी त्या गावाचा देशभर एकच असणारा संकेतांक आला. तो छोटासा आकडा म्हणजे खात्यांनी एकमेकांशी बोलण्याची पहिली सोय, असे मी मानतो.

मूळ नोंद कोणाची, हा प्रश्न किती निर्णायक असतो ते राज्यातल्या दोन कर्जमाफ्यांनी दाखवले. २०१७ च्या योजनेत शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकांनी खात्यांची माहिती वेगळी द्यायची आणि मग दोन्ही जुळवायच्या, अशी रचना होती. नावे आणि आधार क्रमांक जुळेनात, याद्या रखडल्या. डिसेंबर २०१९ च्या योजनेत अर्जच नव्हता. कर्ज बँकेच्या वहीत असते, म्हणून माहिती तिथूनच आली. शेतकऱ्याने यादी पाहून आधार प्रमाणीकरण तेवढे करायचे आणि रक्कम मान्य नसेल तर जिल्हा पातळीवरच्या समितीकडे जायचे. दोन वर्षांत यंत्रे फारशी बदलली नव्हती, कामाची मांडणी बदलली होती.

तुम्ही संगणकाकडून आला असाल तर महिनाभर एखाद्या तलाठी कार्यालयात बसा. महसूल किंवा सहकाराकडून आला असाल तर चित्रभाषेला घाबरू नका. तिच्यातल्या आठ-दहा खुणांवर बरेच भागते. पहिले मॉडेल एकाच सेवेचे काढा, वारसनोंदीचे काढले तरी चालेल, आणि ते काम रोज करणाऱ्या माणसापुढे ठेवा. त्याला त्यात आपले काम ओळखू आले नाही तर चित्र पुन्हा काढा.

काम भरपूर आहे. जून २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. तेव्हा धरलेला खर्च २,५१६ कोटी रुपये, सॉफ्टवेअर सर्वांना एकच. गावची विकास सोसायटी ही अशीच एक पतसंस्था; तिच्यात कर्ज, खत आणि सभासदांचे भागभांडवल एकाच सचिवाच्या हातून चालते. त्या सचिवाचे काम एका देशव्यापी सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरवायचे, तर हंगाम, हिशेब आणि संगणक या तिन्हींची भाषा येणारी माणसे लागतील. ती अजून फार थोडी आहेत आणि त्यांच्यात तुम्ही यावे यासाठीच पुढची पाने लिहिली आहेत.