निकालावर पगार : इंग्लंडचा जुना प्रयोग

मुले पास झाली तरच शिक्षकाला पूर्ण पगार, ही कल्पना नवी वाटते ना? इंग्लंडने ती 1862 मध्येच राबवली. रॉबर्ट लो यांनी शाळांचे सरकारी अनुदान वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेला जोडले. मूल एका विषयात नापास झाले की 2 शिलिंग 8 पेन्स कापले जात. शिक्षकाचा पगार बहुधा या अनुदानावरच अवलंबून असे. मग काय झाले? धडे घोकून घेतले गेले. इतिहास-भूगोल मागे पडले. शाळा तपासणारे कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी कडाडून विरोध केला. अखेर 1890 च्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली. शिक्षकाला जाब जरूर विचारा. पण त्याची भाकरी निकालाला बांधली, तर तो परीक्षेपुरतेच शिकवील.