पांढरा पडदा (वर्डप्रेस)

वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळावर मजकुराच्या जागी कोरे पान दिसू लागणे आणि त्याच वेळी चालकाला ॲडमिनमध्येही शिरता न येणे, असा हा बिघाड. दोन्ही वाटा एकदम बंद होतात, कारण वाचकाचे पान आणि ॲडमिन हे एकाच पीएचपी प्रोग्रामचे भाग आहेत. दोन्हीकडे तीच प्लगिन आणि तीच थीम लोड होते. एखाद्या फाइलमध्ये एक सेमिकोलन सुटला, तरी सगळे तिथेच अडते. मजकूर मात्र डेटाबेसमध्ये सुखरूप असतो, म्हणून घाबरून सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करणे हा सर्वांत घातक उपाय.

मे २०१९ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपासून कोऱ्या पानाऐवजी गंभीर त्रुटीचा संदेश दिसतो आणि ॲडमिनच्या ई-मेलवर एक दिवस चालणारी लिंक येते. तिच्यावरून आत गेलेल्यापुरते दोषी प्लगिन थांबवलेले असते. पण नोंदवलेला पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असेल, तर ही सोय कुचकामी ठरते.

मग उरते होस्टिंगचे फाइल मॅनेजर किंवा एफटीपी. आधी बॅकअप घ्यावा. नंतर ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमध्ये डीबग आणि त्याची लॉग सुरू करावी, चुका पानावर दाखवणे बंद ठेवावे आणि बिघडलेले पान पुन्हा उघडावे. ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरमध्ये तयार झालेल्या लॉगमध्ये फाइलचा पत्ता आणि ओळीचा क्रमांक मिळतो. पत्त्यात प्लगिनचे नाव दिसले की निम्मे काम झाले. ६७१०८८६४ बाइट्स संपल्याची ओळ असेल, तर ६४ एमबीची मेमरी मर्यादा ओलांडली गेली. अशा वेळी नाव आलेली फाइल दोषी असेलच असे नाही; मेमरी संपली तेव्हा तिची पाळी होती, एवढेच.

दोषी प्लगिनच्या फोल्डरचे नाव बदलले की ते लोड होत नाही आणि ॲडमिन उघडते. दोषी कोण ते कळत नसेल, तर ‘प्लगिन्स’ या अख्ख्या फोल्डरचे नाव बदलावे, आत जाऊन प्लगिनची यादी एकदा उघडावी, म्हणजे सगळी निष्क्रिय होतात. मग जुने नाव देऊन एकेक सुरू करत जावे. त्यांच्या सेटिंग्ज डेटाबेसमध्ये असल्याने हरवत नाहीत.

कधी प्लगिनला हातही लावलेला नसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ ने ‘क्रिएट फंक्शन’सारखी जुनी फंक्शन काढून टाकली, त्यांच्यावर बेतलेली प्लगिन सर्व्हरची आवृत्ती बदलताच कोसळतात. होस्टिंगच्या पॅनलमधून तात्पुरती जुनी आवृत्ती निवडली, की दुरुस्तीला अवधी मिळतो.

काम झाल्यावर डीबग बंद करून लॉग पुसावी. ती फाइल बऱ्याच सर्व्हरवर ब्राउझरमधून कोणालाही वाचता येते.