त्रिपुरीचे विखुरलेले धन

जबलपूर शहराच्या कडेची रिछाई ओळखली जाते ती औद्योगिक वसाहत म्हणून. तेथे यंत्रांच्या घरघरीत दिवस घालविणाऱ्या कामगाराला याच परिसराचा हजार वर्षांपूर्वीचा वैभवकाळ कोणी दाखवावा? भेडाघाटच्या वाटेवरील तेवर हे खेडे म्हणजेच कलचुरी राजांची त्रिपुरी. तिची कथा सामान्य माणसापर्यंत पोहोचविणे हे प्रादेशिक संग्रहालयाचे काम. परंतु ज्या वस्तूंनी ती सांगावयाची, त्या संग्रहालय निघण्यापूर्वीच दूरदूर गेल्या होत्या.

राणी अल्हणदेवीने भेडाघाटला शिवमंदिर, मठ आणि व्याख्यानशाळा बांधविली. ती हकीकत सांगणारा इ. स. ११५५ चा शिलालेख फिट्झएडवर्ड हॉल या पंडिताने अमेरिकन ओरिएंटल सोसायटीला दिला आणि नर्मदाकाठचा दगड न्यू हेवनला गेला. यशःकर्ण राजाच्या जबलपूर ताम्रपटाचा एक पत्रा नागपूरच्या संग्रहालयात आला. स्लीमनला १८२८ साली जबलपूरजवळ सापडलेली डायनासोरची हाडे कलकत्त्यास गेली. लिडेकरने १८७७ साली त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. पुढे ती हाडे दृष्टीआड झाली आणि त्यांपैकी एक मणका २०१२ साली कलकत्त्यातच भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा मिळाला. वस्तू जपली, पण तिची नोंद जपली नाही, तर ती घरातच हरवते, हा त्यातला बोध.

हे विखुरलेले धन प्रथम एकत्र आले ते कागदावर. कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील कोरीव लेखांची सूची १९१६ साली सिद्ध केली. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताचे लेख संपादिले. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याने १९५५ साली प्रसिद्ध केले. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२ साली त्रिपुरीस उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत तत्कालीन मध्यप्रदेश शासनाने छापला. संशोधकाची विद्या आणि शासनाचा पैसा यांची ही भागीदारीच होती. कोणा एकाच्या बळावर यांतले काही घडले नसते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली साऱ्या मध्यप्रांतासाठी निघालेले. त्यामुळे एका प्रदेशाची वस्तू एका राज्यात आणि तिची जन्मभूमी दुसऱ्यात, अशी स्थिती झाली. जबलपूरचे राणी दुर्गावती संग्रहालय १९७६ साली उभे राहिले. कलचुरी शिल्पांना आपल्या भूमीत हक्काचे घर मिळाले. पण त्या घराचे अनेक आप्त परगावीच राहिले.

मग सारे काही परत आणावे काय? मागणी स्वाभाविक आहे, आणि जी वस्तू अन्यायाने गेली तिच्याबाबत ती रास्तही आहे. परंतु प्रत्येक वस्तूसाठी वाद मांडीत बसल्यास पिढ्या निघून जातील आणि रिछाईच्या कामगाराच्या मुलाला अल्हणदेवीचे नावही कळणार नाही. दूरच्या शिलालेखाचा ठसा, मूर्तीची प्रतिकृती, हाडाचा साचा आणि सर्वांची मिळून एक सूची एवढे जरी संग्रहालयांनी परस्परांना दिले, तरी कथा जुळू शकते. विद्यापीठाने अर्थ लावावा, शासनाने खर्च सोसावा, गावकऱ्याने शेतात निघालेल्या मूर्तीची वर्दी द्यावी आणि शाळेने मुलांना दालनात आणावे. यांपैकी एक हात सुटला, तरी काम अडते. भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी तर आपल्या वर्तुळाकार मंदिरातच शोभतात; तेथे संग्रहालयाने मूर्ती हलवू नयेत, प्रेक्षकाला त्यांच्याकडे पाठवावे.

संग्रहालय म्हणजे केवळ वस्तूंचे कोठार नव्हे. तो अनेक हातांनी परस्परांशी केलेला विश्वासाचा करार असतो. त्रिपुरीचे वैभव पुन्हा उभे करणे कोणाच्याही हाती नाही. पण त्याची आठवण ज्यांची आहे त्यांच्या हाती देणे, हे मात्र सर्वांच्या हाती आहे.