सावित्रीचा जलमार्ग : नदी एक, यंत्रणा अनेक

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर आणि महाड हे तालुके ओलांडून हरिहरेश्वर व बाणकोट यांच्यामध्ये अरबी समुद्राला मिळते. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरल्यावर पोलादपूरपर्यंत तिचे पात्र खडकाळ आणि उताराचे असून तेथे होडी चालण्याचा प्रश्नच येत नाही. महाडपाशी गांधारी नदी तिला मिळते, समुद्राच्या भरतीचे पाणी येथवर पोहोचते आणि येथूनच नदीची खाडी होऊ लागते. दासगाव, आंबेत, म्हाप्रळ, वेश्वी, बागमांडले ही या खाडीकाठची जुनी ठिकाणे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्गांची यादी निश्चित केली, त्यात सावित्री नदी म्हणजेच बाणकोट खाडीचा सुमारे ४६ किलोमीटरचा पट्टा ‘राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ८९’ म्हणून नोंदविण्यात आला. अंबा, कुंडलिका-रेवदंडा, राजपुरी, दाभोळ-वाशिष्ठी, शास्त्री-जयगड या कोकणातील इतर नद्या-खाड्याही याच यादीत आहेत. अंबा नदीवर धरमतरच्या परिसरात कच्चा माल वाहणाऱ्या बार्जची मोठी वर्दळ आहे. सावित्रीच्या वाट्याला आतापर्यंत तशी वर्दळ आलेली नाही. धोके मात्र आले आहेत.

बंदर होते, म्हणून शहर झाले

आजच्या महाडकराला आपले गाव बंदर होते हे सांगितल्यास थोडे नवल वाटते. परंतु गांधारपाले येथील बौद्ध लेणी ज्या व्यापारी मार्गावर कोरली गेली, तो मार्ग या खाडीतून वर येत होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आलेले ‘पॅलिपट्मी’ हे बंदर म्हणजे महाडजवळचे पाले असावे, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. खाडीच्या मुखावरील बाणकोटचा हिम्मतगड इंग्रजांनी १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला आणि त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले. पुढल्या वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहात विजयदुर्गाच्या बदल्यात बाणकोट आणि त्याबरोबर दासगावसह काही गावे इंग्रजांकडे राहिली. मुखावरचा किल्ला आणि वरच्या अंगाचा धक्का दोन्ही हाती असल्याखेरीज खाडीवर ताबा राहत नाही, हे त्या काळच्या व्यापाऱ्यांना नेमके कळत होते. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत पराभूत झालेला दुसरा बाजीराव महाडमार्गे सुवर्णदुर्गाकडे गेला आणि तेथून इंग्रजांच्या जहाजाने वसईला पोहोचला.

विसाव्या शतकातही ही वाट चालू होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतरहून पुढे मोटारी मिळण्याची खात्री नसल्याने मंडळी समुद्रमार्गे हरिहरेश्वरला आणि तेथून खाडीने दासगाव बंदरास आली. चवदार तळ्याच्या इतिहासात मोटारमालकांच्या असहकाराला उत्तर देणारी वाट सावित्रीची होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

त्यानंतर वर्षभरातच, १९२८ मध्ये, महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. रस्ता आला तशी गलबते, पडाव आणि मचवे कमी होत गेले. मुंबई-कोकण प्रवासी बोटींची नियमित सेवा १९८० च्या दशकात थांबली. १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला आणि महाड तालुक्यात रेल्वे आली. नदी वाहतुकीतून जवळजवळ बाहेर पडली आणि तिच्याकडे लक्ष देणारी माणसेही तिच्यापासून दूर गेली. तांडेल, सारंग, खलाशी रोज पाण्यावर असतात तेव्हा कोठे गाळ साचला, कोणत्या खांबाशी पाणी घुसते आहे, हे आपोआप कळते. वाहतूक थांबली की ही देखरेखही थांबते.

२ ऑगस्ट २०१६

तो १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, सावित्रीला पूर आलेला असताना कोसळला. एस.टी. महामंडळाच्या जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन बस तसेच एक खासगी मोटार प्रवाहात गेली. सुमारे ४० जणांना प्राण गमवावे लागले. पूल पडल्याचे यंत्रणेला समजले ते नदीकाठच्या एका गॅरेजमधील कामगाराच्या सावधपणामुळे. पाण्याची पातळी किंवा पुलाची अवस्था नोंदवून रस्ता आपोआप बंद करणारी कोणतीही व्यवस्था तेथे नव्हती.

यानंतर जे शोधकार्य झाले त्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, तटरक्षक दल, पोलिस, महसूल विभाग आणि स्थानिक मच्छीमार असे सारेच उतरले. गढूळ पाणी, जोराचा प्रवाह, पात्रातील मगरी आणि दर सहा तासांनी दिशा बदलणारी भरती-ओहोटी यांच्याशी झुंजत पाणबुड्यांना काम करावे लागले. क्रेनला सुमारे ३०० किलो वजनाचे लोहचुंबक बांधून पात्राचा तळ चाचपण्यात आला. बसचे सांगाडे सापडण्यास आठवड्याहून अधिक काळ लागला. काही मृतदेह खाडीतून थेट समुद्रापर्यंत वाहून गेले होते. खाडीचे पाणी कोठे वळते, कोठे भोवरा पडतो, बुडालेली वस्तू ओहोटीत कोणत्या कडेला लागते, याची माहिती कागदावर नव्हती. ती काठच्या मच्छीमारांकडे होती. शोधकार्यात त्यांना हाक मारावी लागली, यातच सरकारी यंत्रणा आणि पाण्यावर वावरणारे लोक यांच्यात एरवी असलेले अंतर दिसून आले. नवा पूल मात्र १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला करण्यात आला. सरकारी कामाच्या मानाने हा वेग उल्लेखनीयच म्हटला पाहिजे.

कोणाची नदी?

जलवाहतुकीच्या सुरक्षेचा प्रश्न येथेच गुंतागुंतीचा होतो. जलमार्ग राष्ट्रीय असल्याने त्याचा विकास भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाच्या कक्षेत येतो. हे प्राधिकरण १९८६ मध्ये स्थापन झाले. धक्के, लहान बंदरे, प्रवासी बोटींचे परवाने आणि तपासणी हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाचे. त्याची स्थापना १९९६ च्या कायद्याने झाली. वाळूचे गट ठरविणे आणि उपशाला परवानगी देणे महसूल खात्याकडे आहे. पूल सार्वजनिक बांधकाम विभागाचे, राष्ट्रीय महामार्गाचे किंवा रेल्वेचे. मासेमारी नौका मत्स्यव्यवसाय विभागाच्या. वरच्या अंगाला, पोलादपूर तालुक्यातील रानबाजिरे धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. शिवाय म्हाप्रळच्या खाली उत्तर काठ रायगड जिल्ह्यात आणि दक्षिण काठ रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यात, म्हणजे जिल्हाधिकारी दोन आणि पोलिस अधीक्षकही दोन. मध्यप्रवाहात अपघात घडल्यास पहिला पंचनामा कोणी करायचा, असा प्रश्न पडावा अशी ही मांडणी आहे.

२०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने या गोंधळातील एक भाग तरी सुटसुटीत केला. तोपर्यंत १९१७ चा, मूळ वाफेच्या बोटींसाठी केलेला कायदा लागू होता. नवा कायदा ७ जून २०२२ पासून अमलात आला. यांत्रिक नौकेची नोंदणी आणि तपासणी, चालकवर्गाची प्रमाणपत्रे, विमा, जीवरक्षक व अग्निशामक साधने, प्रदूषण रोखण्याची व्यवस्था, अपघाताची सूचना आणि चौकशी, बुडालेल्या नौकेचे अवशेष हटविणे या बाबी त्यात एकत्र आल्या. एका राज्यात केलेली नोंदणी देशभर ग्राह्य धरली जाते आणि नौकांची माहिती एका केंद्रीय संगणकीय नोंदवहीत ठेवण्याची तरतूद आहे. बिगरयांत्रिक होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याचा विचारही कायद्याने केला आहे. कागदावर हे सारे चोख आहे. सावित्रीसारख्या खाडीत मात्र त्याचा उपयोग तपासणीसाठी पुरेसे कर्मचारी प्रत्यक्ष धक्क्यावर येतात की नाही, यावरच ठरतो.

जंगर, बार्ज आणि सक्शन पंप

सावित्रीच्या खाडीत प्रवाशांचा खरा संबंध येतो तो जंगरशी. दाभोळ-धोपावे येथे २००३ मध्ये सुरू झालेल्या फेरीबोटीच्या धर्तीवर पुढे वेश्वी-बागमांडले दरम्यान वाहने नेणारी जंगरसेवा एका खासगी कंपनीने सुरू केली. त्यामुळे श्रीवर्धन आणि मंडणगड यांमधील मोठा वळसा वाचला. बाणकोट खाडीवरील पुलाचे काम रखडल्याने या सेवेचे महत्त्व वाढतच गेले. आंबेत-म्हाप्रळ पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला तेव्हा तेथेही जंगरचाच आधार घ्यावा लागला. जंगरचा तळ सपाट आणि बाजू उघड्या असतात. शांत पाण्यात ती अत्यंत उपयुक्त, परंतु वाहने एका बाजूला दाटली, प्रवासी गाडीत बसून राहिले किंवा उधाणाच्या भरतीत जोराचा वारा सुटला, तर तिला सावरणे कठीण होते. वाहनांचे वजन विभागणे, चाकांना अडसर लावणे, प्रवाशांना वाहनाबाहेर उभे करणे, ही काळजी सारंगाने घ्यायची असते. ती घेतली जाते का, हे पाहणे मंडळाचे काम आहे.

दुसरा प्रश्न वाळूचा. हातपाटीने, म्हणजे डुबी मारून वाळू काढण्याची जुनी पद्धत मागे पडून सक्शन पंप आले. पंपाने एकाच जागी खोल खड्डा पडतो, प्रवाह वळतो आणि पुलाच्या खांबांभोवतीचा आधार सुटू शकतो. होडीवाल्याला कालपर्यंत ठाऊक असलेली वाट आज बदललेली असते. दुसरीकडे महाड-दासगावच्या पट्ट्यात गाळ साचून पात्रात बेटे तयार झाली. म्हणजे एकाच नदीत एका ठिकाणी नको तितके खोदकाम आणि दुसऱ्या ठिकाणी हवे तितके नाही, अशी स्थिती झाली. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८४ जणांचा बळी गेला, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. रस्ते बंद असल्याने मदतपथकांना पोहोचण्यास विलंब झाला. त्यानंतर नदीतील गाळ आणि बेटे काढण्याचे काम हाती घेण्यात आले. पूर ओसरावा म्हणून काढलेला गाळ आणि बोट चालावी म्हणून राखायची खोली यांचा आराखडा वेगवेगळ्या टेबलांवर तयार होण्याचे कारण नाही. मोजणी एकदाच करून दोन्ही कामांना ती वापरता येते.

उद्योगाचा सहभाग

नौका चालविणाऱ्या कंपन्यांना केवळ परवानाधारक न मानता सुरक्षेच्या कामात भागीदार करण्याचे उदाहरण अमेरिकेत आहे. २२ सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अलाबामा राज्यात दाट धुक्यात वाट चुकलेल्या टगने ढकललेल्या बार्ज रेल्वेपुलावर आदळल्या. पूल सरकला, काही मिनिटांत आलेली प्रवासी गाडी घसरली आणि ४७ जण मरण पावले. चालकाला रडारवरील चित्राचा अर्थ लावता आला नव्हता, नकाशा व होकायंत्र नव्हते, आणि पुलाला धडक बसल्याचे रेल्वेला कळविणारी साखळीही नव्हती. यानंतर टग-बार्ज मालकांच्या संघटनेने सभासदांसाठी सुरक्षेची स्वतःची संहिता तयार केली आणि १९९५ मध्ये तेथील तटरक्षक दलाशी औपचारिक भागीदारी केली. अपघातांची माहिती दोघांनी मिळून तपासायची, खलाशी पाण्यात पडून मरण्यासारख्या नेमक्या कारणांवर संयुक्त गट नेमायचे, अशी ती पद्धत. तरीही सक्तीच्या तपासणीचे सविस्तर नियम येण्यास २०१६ साल उजाडले. स्वेच्छेने पाळलेली शिस्त कायद्याची जागा घेत नाही, हा त्यातील भाग आपल्याकडे अनेकदा गाळला जातो. २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोर येथे मालवाहू जहाज पुलावर आदळण्यापूर्वी जहाजावरून आलेल्या संकटसंदेशामुळे पोलिसांना पुलावरील वाहतूक थांबविता आली. पुलावर काम करणारे सहा कामगार वाचू शकले नाहीत, पण मोटारींतील माणसे वाचली. संदेश देणारा आणि घेणारा एकाच साखळीत असल्याने हे घडले.

कोकणाला अपघातांचे धडे नवे नाहीत. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळ बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. संदेशयंत्रणेअभावी ही बातमी किनाऱ्यावर पोहोचण्यास कित्येक तास लागले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी आसपासच्या बोटी, बंदर प्राधिकरण, तटरक्षक दल व नौदल लगेच धावल्याने बरेच प्राण वाचले. जीवरक्षक जाकिटांचा आग्रह मात्र दुर्घटनेनंतरच वाढला.

सावित्रीच्या खाडीत प्रवास करणाऱ्यांसाठी काही बाबी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासीक्षमता दर्शनी भागात लिहिलेली असावी. जाकिटे कुलूपबंद पेटीत नव्हे, हाताशी हवीत. जंगरवर वाहनाचे इंजिन बंद ठेवून बाहेर उभे राहावे. पौर्णिमा व अमावास्येच्या उधाणात मुखाशी प्रवाह सर्वात जोराचा असतो. नदीपात्रात संकट आल्यास ११२, तर समुद्राकडील भागात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक उपयोगी पडतो. पावसाळ्यात आणखी एक पथ्य आहे. पोलादपूरच्या बाजूला ढग दाटले असतील, तर दासगावला ऊन असले तरी होडी काठालाच बांधून ठेवावी, कारण घाटावरचे पाणी काही तासांतच खाली येते.