मांजरेच्या थडीची साक्ष

दिवाळीच्या पहाटे अंगावर ऊन पाण्याचा तांब्या पडला, की लातूरकरांना २०१६ चा एप्रिल आठवत असेल. त्या महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर. शहराची तहान भागविणारे मांजरेवरील धरण आटले होते.

आता याच मांजरेची जुनी गोष्ट ऐका. लातूर जिल्ह्यात हरवाडीच्या परिसरात, नदीने हजारो वर्षांपूर्वी टाकलेल्या गाळात, हत्तीची आणि पाणघोड्याची हाडे सापडली आहेत. पाणघोडा दिवसाचा बराच वेळ पाण्यात डुंबून असतो. एरवी त्याची कातडी भेगाळते. तेव्हा ज्या नदीत तो नांदला, तिच्यात बारमाही डोह असलेच पाहिजेत. हाडे मुकी खरी, पण विचारणाऱ्याशी ती बोलतात.

ही विचारण्याची विद्या म्हणजे पर्यावरणीय पुरातत्त्व. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तिचा अभ्यास होतो. राजे आणि नाणी बाजूला ठेवून विद्यार्थी नदीच्या दरडीतले थर वाचतो: गोटे दिसले तर प्रवाह जोराचा, बारीक गाळ दिसला तर संथ. जुन्या चुलीतली माती पाण्यात कालवली, की जळके दाणे वर तरंगतात आणि त्या काळचे शेत डोळ्यांपुढे उभे राहते.

याच संस्थेने घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील शेतकरी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बांध घालून पाटाने पाणी वळवीत, जव पिकवीत. पुढे ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवर भिस्त वाढली, आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव उठले. पाऊसमान घटल्याने हे घडले, असे म. के. ढवळीकरांनी मांडले.

इनामगावकरांना आधीच्या पिढ्यांचे दुष्काळ वाचून दाखविणारे कोणी नव्हते. आपल्याला ती सोय आहे. गोदावरीला मिळेपर्यंत मांजरा आपल्या दरडींत आपलाच जमाखर्च लिहीत जाते. टँकरपुढे घागर घेऊन उभ्या राहिलेल्या घरातले एखादे मूल उद्या तो वाचायला शिकले, तर विहीर कोठे खणावी आणि कोणते पीक घ्यावे, याविषयी त्याच्या शब्दाला वजन येईल.