गायनशाळेपासून विद्यापीठापर्यंत

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणविले, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. ग्रंथ सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी चोवीस वर्षे, म्हणजे १८८६ साली, त्यांनी गाणेही असेच खुले केले होते. ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी त्याचे स्मरण उचित ठरेल.

त्या वर्षी मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. तोवर ही विद्या घराण्यांत आणि दरबारांत बंदिस्त होती. उस्तादाची वर्षानुवर्षे सेवा केल्यावाचून चीज हाती लागत नसे. प्रतिष्ठित कुटुंबांत तर गाणे शिकणे कमीपणाचे मानले जाई. मौलाबक्षांनी चिजा स्वरलिपीत बांधल्या, क्रमिक पुस्तके रचली आणि गाण्याला पाठशालेच्या विषयाचे रूप दिले. पुढे १९१६ साली पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच.

नृत्याची कथा निराळी. महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब चिमणाबाई तंजावरच्या. त्यांच्याबरोबर तेथील नर्तकी बडोद्यास आल्या आणि दाक्षिणात्य नृत्य गुजरातेत रुजले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि सूरसागराकाठची ही जुनी संस्था विद्यापीठाचे अंग बनली. गायन, वादन, नृत्य व नाट्य हे पदवीचे विषय झाले. त्याच तंजावरी परंपरेतील कुबेरनाथ तंजोरकर तेथे नृत्याचे अध्यापक झाले. दरबाराची विद्या वर्गात आली ती अशी.

येथे एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : तंबोरा जुळेपर्यंत तास संपतो, घंटेच्या ठोक्यावर राग कसा उमलावा? आक्षेप खोटा नाही. गुरुगृहीचा सहवास वेळापत्रकात मावत नाही. परंतु ज्याच्या कुळात गाणे नव्हते, त्याला त्या गुरुगृहाचे दारही कोठे उघडे होते? पदवीने कलावंत घडतोच असे नाही. जाणता श्रोता मात्र घडतो, आणि श्रोत्यावाचून कला जगत नाही.

चित्रपटाचाही एक धागा येथे सापडतो. महाराजांनी १८९० साली स्थापिलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रणादी कला शिकले. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. हेच कलाभवन पुढे विद्यापीठाची तंत्रशाखा झाले. गायनशाळा आणि कलाभवन ही एकाच द्रष्ट्या राजाची अपत्ये; पण आज कलेचा विद्यार्थी यंत्राला बिचकतो आणि तंत्राचा विद्यार्थी नाट्यगृहाकडे फिरकत नाही. फाळक्यांच्या ठायी या दोन्ही विद्या एकत्र नांदल्या, म्हणूनच भारतीय चित्रपट जन्मास आला. आपल्या वाचनकक्षात तरी या दोघांसाठी एकच बाक असावे, एवढीच अपेक्षा.